न मिळालेल्या धान्याची आणि अडकलेल्या हप्त्याची नोंद पंचायतीने ठेवावी का?

डोंगरपायथा (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात काय घडले ते आधी सांगते आणि मग प्रश्न मांडते. मी गोव्यातील एका लहान पंचायतीची पंच आहे. माझ्या प्रभागात बागायती आणि काजूवर जगणारी घरे अधिक, नोकरीवाली थोडी, आणि चतुर्थीपर्यंतचा तांदूळ रेशनवरच काढणारी कितीतरी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वादळी पावसाने वीज गेली, तिच्यामागोमाग मोबाईलचा टॉवर बंद पडला, आणि रेशन दुकान चालवणाऱ्या सोसायटीतील ई-पॉस यंत्र, म्हणजे अंगठ्याचा ठसा जुळवून धान्याची उचल नोंदवणारे यंत्र, अंगठा घेईनासे झाले. वीज चार दिवसांनी आली. रेंज मात्र महिनाअखेरपर्यंत येत-जात राहिली. लोक पिशव्या घेऊन यायचे, दोन तास बसायचे आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत जायचे. पुढचा महिना उजाडला तेव्हा यंत्रावर नव्या महिन्याचा कोटा दिसू लागला. ज्यांचे जुलैचे धान्य राहिले होते, त्यांचे राहूनच गेले.

आमच्या वाड्यावरची एक आजी तीस वर्षे काजूच्या कारखान्यात बिया फोडत होती. काजूच्या चिकाने तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. रेंज असतानाही तिचा अंगठा चौथ्या-पाचव्या खेपेला लागतो. त्या महिन्यात ती सहा वेळा सोसायटीत गेली. रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून ती पोलक्यात धरून नेत असे. सहाव्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाय, मी गेले होते एवढे तरी कुठे तरी लिहून ठेव." त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही.

त्याच पंधरवड्यात दुसरे संकट आले. एका कुटुंबाला घरकुल मंजूर झाले होते. जुने मातीचे घर पाडून त्यांनी पहिल्या हप्त्यात पायथा बांधला, त्याचा फोटोही अक्षांश-रेखांशासह काढून गेला, पण पुढचा हप्ता आलाच नाही. जुने घर उरले नव्हते आणि नवे झाले नव्हते. नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारे सासरे ताडपत्रीखाली राहत होते. मुसळधार पाऊस लागला त्या रात्री आम्ही त्यांना शाळेच्या वर्गात नेले.

पंचायतीने काय केले, असे कोणी विचारले तर खरे उत्तर असे आहे की पंचायत म्हणून काहीच केले नाही. चार घरांतून तांदूळ गोळा करून वाटला तो आम्ही शेजारी म्हणून. शाळेची चावी मिळाली ती मुख्याध्यापकांच्या चांगुलपणामुळे. पंचायत सचिवांनी विचारले की खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, आणि त्यांचे विचारणे चुकीचे नव्हते. तीन आठवड्यांनी तालुका पातळीवरच्या एका बैठकीत मला विचारण्यात आले की नेमक्या किती कुटुंबांना धान्य मिळाले नाही. मला आकडा सांगता आला नाही. कोणालाच आला नाही. यंत्र फक्त उचल नोंदवते. सोसायटीत न आलेला माणूस आणि सहा वेळा येऊन परत गेलेला माणूस हे दोघे त्याच्या लेखी सारखेच.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की प्रत्येक पंचायतीने आणि पालिकेच्या प्रत्येक प्रभागाने एक साधी वही ठेवावी. धान्य मागायला गेलेल्या पण न मिळालेल्या कुटुंबाचे नाव, तारीख, कारण आणि सही किंवा अंगठा तीत असावा. घराचा हप्ता अडकला असेल तर तोही त्याच वहीत यावा. आमच्या पंचायतीत या प्रस्तावावर दोन मते आहेत. इथे नागरी पुरवठा, महसूल, पंचायत या खात्यांत काम केलेले लोक आहेत. आपला अनुभव काय सांगतो?

जुना कारकून

ताई, मी नागरी पुरवठ्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुम्ही जी वही म्हणता, तिला कायद्याचा आधार आहे आणि तिची खरी किंमत आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 मधील कलम 8 सांगते की हक्काचे धान्य पुरवले गेले नाही तर त्या व्यक्तीला राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. याचे नियम 2015 साली झाले. किमान आधारभूत किमतीच्या सव्वापट धरून भत्ता काढायचा आणि पुढच्या महिन्याचा तिसरा आठवडा संपण्याआधी तो द्यायचा, अशी त्यांत तरतूद आहे. पण त्याच नियमांत अशीही अट आहे की जो माणूस धान्य मागायला दुकानात गेलाच नाही, त्याला भत्ता मिळणार नाही. आता तुमच्या आजीचा विचार करा. ती सहा वेळा गेली हे सिद्ध कशाने होणार? यंत्र तिला ओळखतच नव्हते, म्हणजे तिच्या जाण्याची खूण कुठेच उमटली नाही. तुमची वही ही ती खूण आहे.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर 2017 मध्येच सर्व राज्यांना लिहून कळवले आहे की आधार नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत, एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये. अशा वेळी कार्ड पाहून, वेगळ्या नोंदवहीत सही घेऊन धान्य द्यायचे असते. दुकानदाराला हे ठाऊक असते, तरीही तो देत नाही, कारण वरून तपासणी आली आणि साठा जुळला नाही तर पहिली नोटीस त्यालाच जाते. म्हणून माझा आग्रह असा की यंत्र बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी पंचायतीने लेखी पत्र देऊन ते बंद असल्याचे कळवावे आणि पर्यायी नोंदवहीवर वाटप करण्याची विनंती करावी. त्या पत्राची एक प्रत दुकानदाराजवळ राहिली म्हणजे त्यालाही हात पुढे करण्याचे धैर्य येते. तोंडी फोनाला कागदाचे वजन नसते.

तिसरी गोष्ट पंचायतीच्या अधिकाराची. अनेक पंच मला म्हणत असत की रेशन हा आमचा विषयच नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. त्यांत दहावा ग्रामीण गृहनिर्माणाचा आणि अठ्ठाविसावा सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा. अन्न सुरक्षा कायद्याचे एक संपूर्ण प्रकरण स्थानिक संस्थांच्या जबाबदारीवर आहे. कलम 28 मध्ये रास्त भाव दुकानांच्या कामाचे सामाजिक लेखापरीक्षण स्थानिक संस्थांनी करायचे आहे, आणि कलम 29 मध्ये दक्षता समित्या आहेत. तुमच्या गावच्या दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे एकदा विचारून पाहा.

नदीपलीकडचा

प्रस्तावामागची तळमळ कळते, तरीही मी विरोधी मत मांडतो, कारण ते मांडणे आवश्यक वाटते.

पंचायतीत वही आली की ती कोणाच्या हातात राहील हा पहिला प्रश्न. आमच्या पंचायतीत पूर आल्यानंतर पडलेल्या घरांची यादी झाली तेव्हा मी जवळून पाहिले आहे. ज्या वाड्याने निवडणुकीत पंचाला मते दिली, त्या वाड्यातील गोठ्याचे उडालेले पत्रेसुद्धा यादीत चढले, आणि पलीकडच्या वाड्यातील कोसळलेली भिंत दुसऱ्या दिवशी पाहू म्हणून राहिली. नाव लिहिण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याला नाव न लिहिण्याचाही अधिकार मिळतो. भुकेल्या माणसाला आज निदान एका खिडकीपुढे उभे राहावे लागते. उद्या त्याला पंचाच्या दारातही ताटकळत राहावे लागेल.

शिवाय ही वही सरकारला सोयीची होईल अशी मला भीती आहे. यंत्रणेने धान्य वेळेवर द्यावे, हप्ता वेळेवर टाकावा, ही मूळ मागणी. ती सोडून आपण न मिळाल्याची व्यवस्थित नोंद करत बसलो तर न मिळणे हेच नेहमीचे होऊन बसेल.

सोसायटीचा सेल्समन

मी एका सेवा सोसायटीच्या रेशन दुकानावर काम करतो. दर पावसाळ्यात लोकांच्या शिव्या आम्ही खातो, म्हणून दोन शब्द लिहितो.

दुकानात पोती रचलेली दिसतात आणि आम्ही म्हणतो की देता येत नाही. समोरच्या माणसाला वाटते हा अडवतो आहे. मला ती पोती देण्यात आनंदच आहे, कारण आमचे कमिशन वाटलेल्या धान्यावर मिळते, पडून राहिलेल्यावर नाही. पावसाळ्यात ओल लागून पोते खराब झाले तर ते माझ्या माथी बसते. रेंजसाठी मी यंत्र घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसलो आहे, शाळेच्या गच्चीवर चढलो आहे. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या एका घराच्या अंगणात चांगली रेंज मिळते असे कळले, तेव्हा लोकांचे अंगठे तिथे घेतले आणि धान्य खाली दुकानात दिले. त्या घरातील मावशींनी दिवसभर सगळ्यांना चहा पाजला. अशी सोय मनाने करावी लागते. ती अधिकृतपणे करा असे मला कोणी कागदावर दिले नाही.

जुना कारकून यांनी पत्राचे जे लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. पंचायतीच्या शिक्क्याचे एक पत्र माझ्या हातात असते तर जुलैत मी कोणालाही परत पाठवले नसते. वही ठेवायची असेल तर पंचाकडे ठेवू नका, दुकानातच ठेवा. माणूस परत जातो तो माझ्या समोरून. तिथेच, त्याच क्षणी नोंद झाली पाहिजे, आणि पंचायतीने आठवड्यातून एकदा येऊन तीवर सही करावी.

बंदरावरची

मी पालिका क्षेत्रात राहते. आमच्याकडची अडचण निराळी आहे. इथे ज्यांना सर्वांत अधिक गरज असते त्यांच्याजवळ गोव्याचे रेशनकार्डच नसते.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद होती, हे आपणा सर्वांना आठवत असेल. आमच्या चाळवजा खोल्यांत झारखंड, ओडिशा, कर्नाटक इथून आलेले कामगार भाड्याने राहत होते. रोजची मजुरी थांबली, गॅस संपला, आणि खोलीमालक भाडे मागू लागले. अन्न आणि निवारा ही दोन वेगळी संकटे नसतात हे मी तेव्हा शिकले. ज्याचे भाडे थकते तो आधी जेवणाचा खर्च तोडतो, आणि ज्याला खोलीतून काढले जाते त्याचा पत्ता जातो, म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जावर लिहायला जागाच उरत नाही.

आमच्या प्रभागात तेव्हा काम झाले ते एका नगरसेविकेच्या वहीमुळे. शाळेच्या शंभर पानी वहीत तिने खोलीनिहाय माणसे लिहिली: किती, कोणत्या राज्याचे, शिजवायची सोय आहे की नाही, लहान मूल आहे का. त्या शेवटच्या रकान्यामुळे दूध कुठे पोचवायचे हे पहिल्याच दिवशी कळले. स्वयंसेवी मंडळे, चर्चचे लोक, देवस्थानाचे लोक अन्न घेऊन आले तेव्हा एकाच गल्लीत तिघांनी वाटावे आणि पलीकडच्या गल्लीत कोणीच जाऊ नये, असे झाले नाही.

29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित कामगारांच्या प्रकरणात राज्यांना सांगितले की त्यांना कोरडा शिधा देण्याची योजना आखावी, सामूहिक स्वयंपाकघरे चालवावीत आणि एक देश, एक रेशनकार्ड ही व्यवस्था 31 जुलैपर्यंत लागू करावी. गोवा तर 1 जानेवारी 2020 रोजी या व्यवस्थेत सामील झालेल्या 12 राज्यांपैकी एक होते. तरीही आजसुद्धा आमच्या इथला कामगार आपल्या गावचे कार्ड गोव्यात चालते हे ऐकून चकित होतो. कुटुंबाने गावाकडे आपल्या वाट्याचे उचलावे आणि याने इथे स्वतःच्या वाट्याचे, हे जमते. पालिकेने प्रत्येक बांधकामाच्या जागी हिंदी आणि कन्नडमध्ये एक पाटी लावली तर खर्च किती येईल?

मुंडकाराची नात

घरांविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहिते. धान्याचा महिना बुडाला तर पुढचा महिना येतो. घराचा पावसाळा बुडाला तर भिंत जाते.

गोव्यात घराच्या मदतीची गाठ जमिनीच्या कागदाशी येऊन बसते. आपत्ती निवारण निधीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे निकष असे आहेत: सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. शिवाय कपड्यांसाठी कुटुंबामागे 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. आता अंशतः म्हणजे काय? आमच्या आजोबांच्या मातीच्या घराची पश्चिमेकडची भिंत 23 जुलै 2021 च्या पुराच्या पाण्यात बसली. त्या दिवशी सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा भागात किती घरे गेली हे सर्वांनी पाहिले आहे. आमच्या तीन भिंती उभ्या होत्या, म्हणून पंचनाम्यात अंशतः असे लिहिले गेले. पण मातीच्या घराची एक भिंत बसली की वासे सरकतात, वाशांबरोबर कौले सरकतात, आणि ओल उरलेल्या तिन्ही भिंतींत चढते. श्रावणात दुसरीही बसली. तोवर पंचनामा होऊन गेला होता.

आणि कागद? एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. आम्ही तीन पिढ्या मुंडकार म्हणून, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून, राहतो, घरपट्टी आमच्या नावाने भरतो, वीजबिल आमच्या नावाने येते. 1975 च्या मुंडकार कायद्याने आम्हांला घरातून काढण्यापासून संरक्षण दिले आणि पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात 200 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. हे सारे खरे असले तरी आमचा अर्ज मामलेदारांसमोर इतकी वर्षे पडून आहे की अर्ज करणारे आजोबा आता नाहीत. बांधकामाच्या मदतीसाठी गेलो की मालकीचा पुरावा मागतात, किंवा भाटकाराचे ना हरकत पत्र. भाटकाराचे वारस चार देशांत विखुरलेले आहेत. आम्ही सही कोणाची आणायची?

कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीच्या, जमिनीवरच्या आणि सरकारी जमिनीवरच्या घरांची हीच कथा आहे. 2025 मध्ये सरकारने 'म्हजें घर' योजना आणली, तिच्यातून अशा जुन्या घरांना कागद मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण कागद मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही. म्हणून त्या वहीत घरांसाठी वेगळे पान असू द्या आणि त्यात पंचनाम्यानंतर झालेली पडझड तारखेसह लिहिली जावी. पंचायतीची घरपट्टी ज्या घराच्या नावाने आहे, त्या घराची नोंद घ्यायला पंचायतीला भाटकाराची परवानगी लागत नाही.

नदीपलीकडचा

मुंडकाराची नात यांचा प्रतिसाद वाचून माझा विरोध अर्धा गळून पडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. पंचनाम्यानंतरच्या पडझडीला आज खरोखरच कुठेही जागा नाही. तरीही वही पंचाच्या घरी राहू नये या मतावर मी ठाम आहे.

जुना कारकून

नदीपलीकडचा यांची शंका रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. चार लोकांसमोर नावे वाचली गेली की खोटे नाव टिकत नाही, आणि सुटलेले नाव तिथल्या तिथे उठून सांगता येते. कायद्याने जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य पातळीवर अन्न आयोग ठेवला आहे. ग्रामसभेच्या ठरावाबरोबर वहीची प्रत तिथे गेली तर ती एकट्या माणसाची तक्रार राहत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेली दाद वाजवी कारणाशिवाय न देणाऱ्या कर्मचाऱ्याला 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम 33 मध्ये आहे. म्हणजे न मिळणे नेहमीचे होऊन बसेल ही भीतीही अनाठायी ठरते. तारीखवार नोंद असली तरच हे कलम हलते.

पैशांबाबत एक सूचना करतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील अनुदानापैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले आहे, आणि 40 टक्के गावाच्या गरजेनुसार अकराव्या अनुसूचीतील विषयांवर वापरता येते, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. म्हणजे आपत्तीच्या काळात निवाऱ्याची जागा तयार ठेवणे, शाळेच्या वर्गाला पत्रा घालणे, रेंजसाठी साधन बसवणे अशी कामे वार्षिक आराखड्यात आधीच घालता येतील. जुलैत शीर्ष शोधण्यापेक्षा आराखडा ठरतो त्या ग्रामसभेतच ते लिहून घ्यावे. पंचायत सचिवांना ठराव हवा असतो, आणि तो मागण्यात त्यांची चूक नाही.

एक जुनी जखमही सांगतो. 2022 मध्ये कोविडच्या काळात खरेदी केलेली सुमारे 241 टन तूरडाळ सरकारी गोदामांत खराब झाल्याचे उघडकीस आले. मी सेवेत असतो तर ती बातमी वाचून मान खाली घातली असती, नसतानाही घातली. माझे मत असे की गोदामात किती आहे याची नोंद आपण ठेवतो, कोणाच्या चुलीवर काय नाही याची ठेवत नाही, म्हणून असे घडते. एकीकडे डाळ सडत होती आणि दुसरीकडे ती कुठे पाठवावी हे सांगणारी यादी कोणाजवळच नव्हती.

बंदरावरची

यादीविषयी आणखी एक. अन्न सुरक्षा कायद्याखाली गोव्याच्या वाट्याला सुमारे 5.32 लाख लाभार्थी आहेत, आणि तो आकडा 2011 च्या जनगणनेवरून ठरला आहे. मधल्या काळात ज्यांच्या घरातला मिळवता माणूस गेला किंवा ज्यांचे काम गेले, त्यांना प्राधान्य गटात जागा मिळणे कठीण जाते. म्हणून वहीत रेशनकार्ड नसलेल्यांसाठी आणि प्राधान्य गटाबाहेर राहिलेल्यांसाठीही एक पान ठेवा. त्यांना आज काही देता आले नाही तरी निदान ते आहेत हे दिसेल.

डोंगरपायथा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सूचना घेऊन मी पंचायतीच्या बैठकीत गेले आणि मग गेल्या रविवारच्या ग्रामसभेत विषय आणला. काय ठरले ते इथे नोंदवते.

वही दुकानातच राहील, सोसायटीचा सेल्समन यांनी सुचवले तशी. तिची पाने क्रमांकित असून पहिल्या पानावर पंचायतीचा शिक्का आहे. दर शनिवारी दोन पंच आणि स्वयंसाहाय्य गटाची एक महिला मिळून तीवर सही करतील, आणि त्या दोघांतला एक पंच दुसऱ्या वाड्याचा असेल. नदीपलीकडचा यांचे मत मी सभेत जसेच्या तसे वाचून दाखवले. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की हे आमच्याच गावचे दिसते. ग्रामसभेच्या प्रत्येक बैठकीत वही मोठ्याने वाचली जाईल. यंत्र सलग एक दिवस बंद राहिले तर सरपंचांच्या सहीचे पत्र त्याच संध्याकाळी दुकानात आणि वरच्या कार्यालयात पोचेल. त्याचा मसुदा आजच तयार करून ठेवला आहे, फक्त तारीख घालायची.

घरांच्या पानावरून सभेत वाद झाला. कागद नसलेल्या घरांची पडझड पंचायतीने लिहिली तर भाटकाराचे वारस खटला भरतील, अशी भीती एका ज्येष्ठ पंचांनी बोलून दाखवली. मुंडकाराची नात यांचे घरपट्टीबद्दलचे वाक्य मी तेव्हा सांगितले. सचिवांनी घरपट्टीचे रजिस्टर उघडून सर्वांसमोर ठेवले. त्यात ती सारी घरे होतीच. मग तेही पान मंजूर झाले, पण वहीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे की ही नोंद पडझडीची आहे, मालकीची नाही. ज्या कुटुंबाचा हप्ता अडकला होता, त्यांच्या वतीने पंचायतीने आता लेखी विचारणा केली आहे. उत्तर आलेले नाही. त्यांच्या डोक्यावर सध्या गावाने वर्गणीतून घातलेले पत्रे आहेत.

स्थलांतरित मजुरांचे पान आमच्याकडे छोटे आहे, कारण चिरेखाणीवर काम करणारी मोजकीच कुटुंबे आहेत, पण ते ठेवले आहे. बंदरावरची यांनी सांगितलेला लहान मुलाचा रकानाही घातला आहे.

सभा संपल्यावर आजी पुढे आली. जुलै उलटून गेला आहे, त्या धान्याचे आता काही होणार नाही, हे मी तिला आधीच सांगितले होते. तरीही तिला आपले नाव लिहायचे होते. सचिवांनी पहिल्या ओळीत तिचे नाव, वाडा आणि जुलै महिना लिहिला, कारणाच्या रकान्यात "सहा वेळा गेली, अंगठा लागला नाही" असे लिहिले आणि शाईची डबी पुढे केली. तिने अंगठा उमटवला. कागदावर एक गुळगुळीत काळा गोल उठला, रेषा एकही नव्हती. सचिवांनी त्याच्या शेजारी आपली सही केली आणि खाली लिहिले, "माझ्यासमोर."

जुना कारकून

ताई, त्या पानाची साक्षांकित प्रत काढून ठेवा. तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे जुलैच्या भत्त्यासाठी अर्ज करता येतो का ते आपण पाहू. मुदतीचा मुद्दा येईल, पण ती सहा वेळा गेल्याचे सेल्समननेही लिहून दिले तर अर्ज करण्यास हरकत नाही. मसुदा मी उद्या इथे टाकतो.